विनताबाईंची साक्ष

कांचघर मोहल्ल्यात श्यामसुंदररावांकडे पाहुणा गेला की त्याला पाण्याआधी स्पीकर दाखवले जात. कमरेएवढ्या दोन सागवानी पेट्या, नोकरीच्या पहिल्या वर्षी पोट मारून घेतलेल्या. वीज मंडळातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तीन टीव्ही बदलले, पण पेट्या जागच्या हलल्या नाहीत. विनताबाई त्यांच्यावरची धूळसुद्धा विचारून पुसत. लग्नानंतर काही वर्षं सवतीचा यावा तसा त्यांना या पेट्यांचा राग आला, मग सवय झाली.

पेट्या उघडायची मुभा एकाच माणसाला होती, सदर बाजारातल्या नथ्थू मिस्त्रीला. यंदा मोठ्या भोंग्यांची रबरी कड सडली, तेव्हा नथ्थूनेच पेट्या आपल्या दुकानात नेल्या आणि नवी कड लावून आणून दिल्या. श्यामसुंदररावांनी आपली नेहमीची घुंगरांची तबकडी लावली, डोळे मिटले आणि दोन मिनिटांत उघडले.

“विनता, घुंगरू कुठं गेले? सगळा दबका आवाज येऊन राहिला. तुला पण तसंच वाटते ना?”

घुंगरू छान वाजत होते. विनताबाईंना ते स्वयंपाकघरातूनही ऐकू येत होते. पण इन्व्हर्टरची पीं-पीं ह्यांना ऐकू येत नाही, हे त्या दोन वर्षांपासून पाहत होत्या. ज्या माणसाचा सगळा तोरा कानांवर, त्याला कानच गेले हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

“हो, जरा दबकाच वाटते,” त्या म्हणाल्या.

दयेपोटी निघालेलं एवढंसं वाक्य, पण संध्याकाळपर्यंत त्याचा पुरावा झाला. शहरातल्या जुन्या स्पीकरवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, चौदा जणांचा. सगळ्यांच्या पेट्या नथ्थूच्याच हातच्या. तिथं श्यामसुंदररावांनी लिहिलं की बारीक आवाजाचे असली ट्वीटर नथ्थूने काढून घेतले आणि नकली बसवले. खाली पुस्ती जोडली, ‘माझंच ऐकू नका, विनतालाही फरक कळतो.’

आठवड्याभरात तिघांनी नथ्थूच्या दुकानातून आपले स्पीकर अर्धवट दुरुस्तीतच उचलून नेले. हे विनताबाईंच्या कानावर आलं. आज सांगायचंच, असं त्या रोज सकाळी ठरवत. मग तबकडीसमोर वाकून, कानामागे हात धरून बसलेला नवरा दिसे आणि त्या तशाच स्वयंपाकघरात परतत.

दहाव्या दिवशी दुपारी नथ्थू स्वतः आला. आरडाओरडा केला नाही. त्याने पेट्यांचे ट्वीटर काढून वर्तमानपत्रावर ठेवले. त्यांच्या मागे लाल रंगात त्याच्याच हातची पहिल्या दुरुस्तीची खूण आणि साल होतं, शहाऐंशी; म्हणजे ट्वीटर तेच, जुने.

“निशान तो कोई भी बना लेगा,” श्यामसुंदरराव म्हणाले आणि त्यांनी विनताबाईंकडे बोट केलं. “मेरे कान गलत हैं, चलो मान लिया. इसके भी गलत हैं क्या?”

नथ्थूने ट्वीटर परत बसवले, तबकडी लावली आणि वळून विचारलं, “भाभीजी, आप बताइए. आपको घुंगरू नहीं सुनाई देते?”

विनताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पण आता गप्प बसणं म्हणजे नथ्थूच्या पोटावर स्वतःच पाय देणं होतं.

“सुनाई देते हैं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी पण येत होते. अहो, स्पीकर ठीक आहेत. तुमच्या कानांचं आहे ते. दोन वर्षांपासून.”

श्यामसुंदरराव हसायला गेले, पण ते जमलं नाही. त्यांनी एक कान जाळीला टेकवला, मग दुसरा.

“मग तेव्हा हो काहून म्हटलं?” त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न पाहता ते खुर्चीत बसले आणि नथ्थूपुढे हात जोडले. “माफ कर दे, भाई. अभी सबको लिखता हूँ.”

नथ्थूने ते हात धरून हळूच खाली घेतले. विनताबाई चहा ठेवायला उठल्या, तर तो नको म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरू लागला. त्याच्या मागोमाग त्या दारापर्यंत गेल्या.

“नथ्थू भैया, इनको दुख होता, इसलिए मैं चुप रही. और कुछ नहीं था मन में.”

तो चपला घालता घालता थांबला. आवाजात राग नव्हता.

“साहब को तो सुनाई नहीं देता था, भाभीजी,” तो म्हणाला. “आपको तो देता था.”