सी डॉकचं पाणी

बोट घ्यायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोकांना वाटतं, शीलाताईंना हौस फार. हौस माझ्या नवऱ्याला, पंडितला. सांता क्लाराच्या ऑफिसातून रिटायर व्हायला दोन-तीन वर्षं उरली आणि ह्या माणसाला एकदम पाण्याचं वेड लागलं. मग आमच्या ओळखीतलं जोडपं, धम्मदीप आणि पायल, तयार झाले, आणखी दोन घरं तयार झाली, आणि चार घरांत मिळून एक जुनी बोट आली. खाली दोन माणसं आडवी होतील एवढी केबिन, एक शेगडी, एक संडास. घरापासून दोन तास ड्राइव्ह करून गेलं की नदीच्या डेल्टामध्ये एक मरीना आहे, म्हणजे बोटींचा तळ. तिथे सी नंबरच्या धक्क्यावर, सी डॉकवर, ती बांधलेली असते.

चौघांची बोट म्हणजे कुणाचीच नाही. फिरायला सगळे, पुसायला शीलाताई. फ्रिजमध्ये महिन्याचं दही कुणी ठेवलं, असं ग्रुपवर विचारलं की सगळे अंगठा दाखवतात. अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा, तुम्हीच सांगा. मी विचारायचंच सोडून दिलं. आपण मुकाट्याने डबा धुवायचा आणि घरी यायचं.

भांडण न होता ठरलेली एकच गोष्ट म्हणजे बोटीचं नाव. ‘चवदार’. पंडितने म्हटलं आणि सगळे एका क्षणात हो म्हणाले. डॉकवरचे लोक तिला ‘चाउडर’ म्हणतात, त्यांच्याकडचं ते शिंपल्यांचं सूप. सुरुवातीला पंडित प्रत्येकाला धरून महाडचं तळं समजावून सांगायचा. आता तोही थकला. सूप तर सूप, म्हणतो.

वीस मार्चच्या जवळचा शनिवार मात्र आम्ही कधी सोडत नाही. चारी घरं बोटीवर जमतात, त्रिशरण-पंचशील होतं, आणि मग मागच्या फळीवर बसून जो तो नदीचं पाणी ओंजळीत घेतो आणि ओठांना लावतो. पायल नर्स आहे. गिळू नका, गिळू नका, म्हणून ती दरवर्षी घसा कोरडा करते.

गेल्या वर्षी माझी आई गेली आणि मी बाबांना इकडे घेऊन आले. बाबा भंडारा जिल्ह्यातले. हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, इंग्रजी शिकवायचे. पण लहानपणी त्यांची आई विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर पाणी. ओतणाऱ्याला सवड नसली तर दुपार व्हायची. एकदा आईला उन्हात उभं राहिलेलं बघवेना म्हणून पोराने स्वतःच दोराला हात घातला, तर त्याला असं मारलं की कानाने अजून कमी ऐकू येतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

इकडे आल्यापासून बाबा हिवाळाभर खिडकीशी बसून होते. काही मागायचे नाहीत. जेवण कसं झालं विचारलं तर छान. झोप लागली का, तर लागली. मागितली ती एकच गोष्ट. "वीस मार्चला मला बोटीवर न्याल ना?" महाडला जायचं त्यांच्या मनात जन्मभर होतं आणि ते राहून गेलं होतं. आधी नोकरी, मग आईचं आजारपण. मी म्हटलं, नेणार म्हणजे नेणारच. मनात म्हटलं, शीले, एवढं एक तरी धड कर.

आणि नेमकं तेव्हाच सी डॉकवर वास यायला लागला.

वास कशाचा, ते सांगायला नको. बोटीच्या संडासाचं सगळं एका टाकीत जमतं आणि ती टाकी पंपावर नेऊन उपसून घ्यायची असते. कुणीतरी आळशी माणूस ती गुपचूप पाण्यात सोडतोय, असा डॉकभर बोभाटा झाला. जो तो शेजाऱ्याकडे संशयाने बघायला लागला. मरीनाच्या मॅनेजरबाईंनी ईमेल पाठवली, की पाण्याला कुणीही हात लावू नये, शनिवारी प्रत्येक बोटीच्या संडासात रंगाची गोळी टाकून तपासणी होईल, आणि ज्याच्या बोटीतून रंग बाहेर येईल त्याची जागा जाऊ शकते. एकदा जागा गेली की डेल्टात दुसरी मिळायला वर्षं लागतात. आणि शनिवार कुठला, तर आमचाच.

ग्रुपवर चर्चा झाली. पंडितचं म्हणणं, बोट लांब मुख्य प्रवाहात नेऊ, तिथलं पाणी वाहतं असतं. पण तपासणी होईपर्यंत कुणी बोट हलवायची नाही, असा हुकूम होता. पायल म्हणाली, यंदा बाटलीतलं पाणी घेऊ. मी हे बाबांना सांगायला गेले आणि दारातूनच परत आले. ते पांढरा सदरा इस्त्री करत होते. त्यांना वाईट सांगायला मला धीर झाला नाही, हे खरं. गाडीत सांगू म्हटलं, तर गाडीत त्यांना झोप लागली. मग तिथे पोचल्यावर सांगू म्हटलं.

पोचल्यावर सामान उतरवायचं, चटया टाकायच्या, धम्मदीप केळी विसरलेला, पंडितला फोटोसाठी सगळे एका रांगेत हवेत. ह्या गडबडीत बाबा एकटेच मागच्या फळीवर गेले आणि उकिडवे बसले. बाही सावकाश वर दुमडली. हात खाली नेला.

"सर! डोन्ट टच द वॉटर!"

शेजारच्या बोटीवरून डेल ओरडला. डेल म्हणजे रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर, दिवसभर आपली बोट घासत असतो. पंडितला बोट नीट लावता येत नाही, आणि दरवेळी आमचा दोर झेलायला हाच धावत येतो. माणूस सोन्यासारखा, पण आवाज असा मोठा की अख्खी डॉक वळून बघायला लागली.

बाबांचा हात पाण्याला टेकायचाच होता. तो त्यांनी झटक्यात छातीशी घेतला. उठले, मागे सरकले, केबिनच्या भिंतीला टेकले. आणि डेलला मराठीत म्हणाले, "नाही लागला. हात नाही लागला माझा."

काय सांगू तुम्हाला. एवढं शिकलेला माणूस, शेकडो पोरांना इंग्रजी शिकवलेलं, आणि अमेरिकेत भर दुपारी तो त्या विहिरीवर परत गेला होता. मी तिथेच चटईवर बसले.

डेल उडी मारून आमच्या बोटीवर आला, माफी मागायला लागला, पाण्यात घाण आहे, तुम्ही आजारी पडाल, म्हणून ओरडलो म्हणाला. बाबांना सगळं कळलं. थँक यू म्हणाले आणि खाली केबिनमध्ये जाऊन बसले. पंडित तणतणत होता, ह्याला आपणच दिसलो का ओरडायला. मी म्हटलं, गप बस, त्याचं काय चुकलं? तो त्याच्या बापालाही असंच ओरडला असता. चूक माझी होती, मी सांगितलं नव्हतं. पण राग मलाही आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

तोंड धुवायला म्हणून संडासात गेले. बाबा येणार म्हणून पंडितने तिथे धुवायचा जेट स्प्रे बसवला होता. कागदाने बाबांचं भागत नाही, आणि खरं सांगायचं तर आमचंही कुणाचं भागत नाही. चारी घरांनी पंडितला दुवा दिला होता. तो स्प्रे भांड्याच्या काठाला अडकवलेला होता आणि त्याच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं. डॉकवरच्या नळाची नळी आम्ही कायम जोडलेली ठेवतो. म्हणजे आम्ही घरी असू, ऑफिसात असू, झोपलेलो असू, हे इथे ठिबकत होतं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, आमची टाकी साचली होती. टाकी भरली की वरचं पाणी हवेसाठी ठेवलेल्या भोकातून बाहेर पडतं, हे बोट घेतानाच सांगितलं होतं आम्हाला. मी वर जाऊन कठड्यावरून वाकून बघितलं. भोकाखाली एक काळपट ओघळ थेट पाण्यात उतरला होता. डेलच्या बाजूला.

तो आळशी माणूस आम्हीच होतो.

मी पंडितला आणि धम्मदीप-पायलला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. पंडित कपाळाला हात लावून बसला. धम्मदीपचं डोकं मात्र लगेच चालायला लागलं. तो हळूच म्हणाला, ताई, नळ बंद करा, स्प्रे काढून पिशवीत टाका. संडास लॉक आहे, किल्ली घरी राहिली म्हणू. तपासणी पुढच्या आठवड्यावर जाईल, तोवर रात्री गुपचूप पंपावर जाऊन टाकी उपसून घेऊ. कुणाला कळणारही नाही. आधीच सगळे बघतायत आपल्याकडे, ताई. हेही कळलं तर जन्मभर हेच ऐकावं लागेल.

त्याचं खोटं नव्हतं. मलाही क्षणभर बरं वाटलं ऐकून. पण खालून बाबांचा आवाज आला. कमी ऐकू येतं म्हणतात, नको ते बरोबर ऐकू येतं.

"तो स्प्रे माझ्यासाठी बसवला होता ना?"

मी चप्पल घातली आणि मॅनेजरबाईंच्या ऑफिसकडे निघाले. फार मोठी सत्यवचनी वगैरे काही नाही हं मी. खोटं बोलायला, ते आठवडाभर सांभाळायला, चौघांनी एकच सांगायला अंगात त्राण लागतं, आणि माझ्यात ते उरलं नव्हतं. शिवाय आमच्या घाणीपायी माझ्या बापाचा हात मागे आला होता. ते मी आणखी झाकून ठेवणार होते का?

बाईंनी ऐकून घेतलं, डोळे मिटले, लांब श्वास सोडला. मग सगळ्यांसमोर आमची बोट ओढत पंपावर नेली. टाकी उपसताना डॉकवर ही गर्दी. शेवटच्या बोटीवरची एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, की काही लोकांनी आधी संडास वापरायला शिकावं. मी ऐकून घेतलं. परत आलो तेव्हा डेल दोर झेलायला आला नाही. जागा लगेच गेली नाही. पाणी दोनदा तपासून स्वच्छ आलं तर ठेवू, नाहीतर उचला तुमची बोट, असं ठरलं. स्प्रे मीच पान्याने काढला. ते काम तरी दुसरं कोण करणार होतं?

त्या दिवशी वंदना झाली, ओंजळ झाली नाही. निघायच्या वेळी बाबा डॉकवरच्या बाकावर बसले होते. मी शेजारी टेकले आणि रडायलाच लागले. म्हटलं, बाबा, एक गोष्ट मागितली होती तुम्ही, आणि तुमचं पाणी आम्हीच घाण करून ठेवलं.

बाबांनी पाण्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "घाणच केलं ना? घाण काढता येते, पोरी. आमच्या हाताने पाणी विटाळायचं. ते कशानेच निघत नव्हतं. महाडचं तळं त्यांनी शेण-गोमूत्र ओतून धुतलं, आम्ही हात लावला म्हणून. इथे काय, तपासतील आणि साफ झालं की सांगतील. मी थांबेन."

आणि थांबले. चौदा एप्रिल झाली, दुसऱ्या तपासणीचा निकाल आला, पाणी स्वच्छ, जागा कायम. आम्ही तिघंच मधल्या वारी गेलो, ना फोटो ना चटया. बाबांनी तोच पांढरा सदरा घातला होता. मागच्या फळीवर उकिडवे बसले, बाही दुमडली, हात खाली नेला आणि पाण्याच्या वर थांबवला. मान वळवून डेलच्या बोटीकडे बघितलं.

मला म्हणावंसं वाटलं, बाबा, आता कुणाला विचारायचं नाही.

डेलने मान वर केली. बाबांना बघितलं, त्यांचा हात बघितला. मग पाठ फिरवली आणि आपली बोट घासायला लागला, रोजच्यासारखी. पलीकडे कुणीतरी नळीने डेक धूत होतं. कुणाचंच आमच्याकडे लक्ष नव्हतं.

बाबांनी दोन्ही हात पाण्यात घातले. ओंजळ भरून वर आणली आणि तोंडाला लावली. मी म्हणाले, बाबा, गिळू नका. तोवर गिळलं होतं.

"कसं लागलं?" पंडितने विचारलं.

बाबांनी ओठ पुसले. "पाण्यासारखं," म्हणाले, आणि पुन्हा वाकले.