पांढरी नागली

"डाव इकडे दे, कावेरी. आजपासून मी माझं घेईन वाढून."

असं म्हणून यांनी माझ्या हातातला डाव काढून घेतला. हिसकावला असता तर भांडता तरी आलं असतं. दोनच डाव भात, तोही आमच्या अमोलच्या लहानपणीच्या छोट्या ताटलीत. बाजूला काकडीचे तुकडे. आधी काकडी, मग आमटी-भाजी, मग भाकरी आणि भात सगळ्यात शेवटी. या क्रमाने खाल्लं की साखर एकदम चढत नाही, असं मृणाल म्हणते म्हणे. वर हसून मलाच ऐकवलं, आपला हात जगन्नाथ!

मी काय करणार? हात मांडीवर ठेवून बसून राहिले. एकोणतीस वर्षं यांना वाढतेय मी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी एकच धडा दिला होता. पानावर बसलेल्या माणसाला 'काय हवं' म्हणून विचारायचं नाही, ताटाकडे बघून आपल्याला कळलं पाहिजे. मला कळायचं. यांचं पोट भरलं की हे तळहात ताटावर आडवा धरायचे. तो हात खरा की नुसता दाखवायचा, हेसुद्धा मला कळायचं, आणि दाखवायचा असला की त्याच्या बाजूने मी आणखी अर्धी भाकरी सरकवायची. आमच्यात बोलणं असं फारसं कधी नव्हतंच. जे काय होतं ते हे होतं.

यांना साखर निघाली गेल्या दिवाळीनंतर. हे इथे सिल्वासात सरकारी कचेरीत कारकून. गाव संगमेश्वराकडचं, पण टोकरखाड्याच्या या क्वार्टरमध्ये आम्हाला बावीस वर्षं झाली. मृणाल यांच्याच कचेरीत, समोरच्या टेबलावर. मुंबईची आहे, आमलीत एकटी राहते. एकटी का, ते मी कधी विचारलं नाही. ऑफिसच्या सहलीत एकदाच पाहिली होती. सडसडीत, चाळिशीची. यांना 'सर' म्हणत होती आणि मला 'काकू'. माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असेल!

बरं, ती सांगते तरी काय मोठं? रात्री लवकर जेवा, घास नीट चावा, जेवल्यावर पाय मोकळे करा. अहो, हेच मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होते. जेवण झालं की चला जरा कॉलनीत दोन फेऱ्या मारू, म्हणायची मी. तेव्हा बातम्या असायच्या, गुडघा दुखत असायचा. आता मृणालने सांगितलं तर गुडघा बरा झाला. साडेसातला जेवण, आठला बूट घालून हे बाहेर. 'येतेस का' म्हणून विचारायचे, नाही असं नाही. पण मी जाते कशाला? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

मग निघाली नागली, म्हणजे आपली नाचणी. तांदळाऐवजी नागलीची भाकरी खा, मृणाल म्हणते. माझ्या तांदळाच्या भाकरीचं कौतुक आख्ख्या कॉलनीत. घडी घातली तरी मोडायची नाही. नागलीला कुठला आलाय तो चिवटपणा? थापताना कडा फुटतात, तव्यावर टाकताना तुटते. तानूबाई दर आठवड्याला खानवेलकडून आमलीच्या बाजारात येते, तिच्याकडून नागली आणली. दोन आठवडे त्या काळ्या, भेगाळलेल्या भाकऱ्या यांच्यापुढे ठेवताना मलाच लाज वाटायची. एक दिवस मी म्हटलं, नीट होत नाहीत हो. तर हे मला धीर द्यायला गेले. "अगं, मृणालच्या तर याहून कडक असतात. मी खाल्ल्यात ना तिच्या डब्यातल्या."

तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या डब्यातल्या!

त्या आठवड्यात घंटीवर गेले, इथे गिरणीला घंटी म्हणतात, आणि एक हिस्सा नागलीत दोन हिस्से तांदूळ घालून दळायला सांगितलं. घंटीवाला म्हणाला, बेन, हे नागलीचं पीठ नाही राहणार. मी म्हटलं, तुम्ही दळा.

भाकरी अशी सुंदर झाली! मऊ, फिकी. यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि ही कुठली नागली म्हणून विचारलं.

"पांढरी नागली आहे. तानूबाईने आणलीय मुद्दाम."

पांढरी नागली असते खरी, पण आमच्या डब्यात नव्हती. यांनी विश्वास ठेवला. मी पानात जे घातलं त्यावर यांनी कधी शंका घेतलीच नव्हती. त्या दिवशी दोनाच्या चार भाकऱ्या खाल्ल्या, नागलीच तर आहे म्हणून. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आमटीतला गुळाचा खडाही मग हळूहळू मोठा होत गेला. एकदा रिपोर्ट बिघडला की मृणालचं शहाणपण पाण्यात जाईल आणि डाव परत माझ्या हातात येईल, एवढंच माझ्या मनात होतं. यांचं वाईट व्हावं असं नव्हतं. पण साखर काय माझ्या मनात डोकावून चढणार होती?

रिपोर्ट बिघडला. तीन महिन्यांची साखर सात पॉइंट दोन होती, ती आठ पॉइंट नऊ निघाली. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि पुढच्या वेळी हेच दिसलं तर इन्शुलिन, असं सांगितलं. हे घरी आले आणि बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसले.

"माझंच चुकलं, कावेरी," हे म्हणाले. "आमलीच्या नाक्यावर दोनदा खमण खाल्लं मी. तुला सांगितलं नाही. तू एवढी नागली शोधून आणतेस, आणि मी हा असा."

मला वाटलं होतं, हे मृणालला नावं ठेवतील. यांनी तिचं नावही काढलं नाही. नुसते आपल्या पायांकडे बघत राहिले. माझ्या सासऱ्यांचं पाऊल साखरेने कापावं लागलं होतं. त्यांच्या जखमेची पट्टी हेच बदलायचे, तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालं होतं.  मी खाली बसून यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. आणि डब्यात आणखी आठ दिवसांच्या भाकऱ्यांपुरतं तेच पीठ होतं.

रविवारी बाराच्या सुमारास हे जरा आडवे झाले होते आणि दार वाजलं. मृणाल. हातात स्टीलचा रिकामा डबा.

तिला पांढरी नागली हवी होती. म्हणाली, सर ऑफिसात रोज तुमच्या भाकरीचं वर्णन करतात, काकू. आम्ही डबा उघडला की सरांचं सुरू, आमच्या हिच्या हाताला काय चव आहे. माझी भाकरी थापतानाच तुटते, म्हटलं ती नागली तरी आणावी. हे घरात मला एका शब्दाने बोलले नव्हते. मी चहा टाकला, बिनसाखरेचा. तिला विचारलं, तुला कुणी शिकवलं गं हे सगळं, काकडी आधी आणि भात शेवटी?

तिने हातातल्या डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. चेतन तिचा नवरा. साखरेनेच गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी, आधी किडन्या आणि मग सगळंच.

"नऊ वर्षं त्याला हेच सांगत होते, काकू. घरातली बायको सांगते म्हटल्यावर कोण ऐकतंय? त्याने दुसऱ्या एखाद्या बाईचं जरी ऐकलं असतं ना, तर मी जाऊन तिच्या पाया पडले असते."

गॅसवर चहा उतू गेला. मी तो पुसला. पुसता पुसताच बोलले, तिच्याकडे बघून मला बोलता आलं नसतं.

"ती नागली नाहीये, मृणाल. दोन हिस्से तांदूळ आहे त्यात. मी घातलाय."

का, असं तिने विचारलं नाही. बहुतेक तिला कळलं.  मग तिने घड्याळाकडे पाहिलं.

"घंटी रविवारी कितीपर्यंत उघडी असते?"

"एकपर्यंत."

"साडेबारा झालेत, काकू."

मी होते त्या साडीवर नागलीची पिशवी उचलून निघाले.

संध्याकाळी साडेसातला हे जेवायला बसले. काकडी खाल्ली. आमटी आपली आपण घेतली. मग भाकरी. काळी, कडेला तीन ठिकाणी फुटलेली. यांनी तुकडा मोडून तोंडात घातला आणि थांबले.

"आज भाकरी बिघडली का गं?"

एकोणतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

"नाही. नागलीची अशीच होते," मी म्हटलं. "ती पांढरी मी केली होती. तांदूळ घालून."

"किती दिवस?"

"सव्वादोन महिने."

हे ओरडले नाहीत. तोंडातला घास चावत राहिले. मृणाल बत्तीस वेळा चावायला सांगते, मी मनातल्या मनात मोजत होते, बत्तिसाच्या पुढे गेले. ती एवढी एक भाकरी यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. भात घेतला नाही.

मी वाढत नव्हते. डाव यांच्याच ताटलीशेजारी होता, माझे दोन्ही हात मांडीवर होते. तरी यांनी तळहात ताटलीवर आडवा धरला. हा हात खरा होता.