हद्दीवरचं हॉटेल

टीव्हीतल्या पुंजाशेठनं गल्ल्यामागून मान वर केली आणि कुसाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडण्याऐवजी ओट्यावर पडली. खाणावळीची मालकीण विमलाबाई हिनं भाजलं का म्हणून विचारलं. कुसाबाई म्हणाली, नाही, हात घसरला.

द्वारका चौकाजवळच्या त्या खाणावळीत ती बारा वर्षं भाकऱ्या थापत होती. गिऱ्हाइकांसाठी टीव्ही चालू असायचा, आणि महिनाभरापासून रोज दुपारी हीच मालिका. जेवणारी माणसं त्या शेठचे संवाद नटाच्या आधी म्हणायची.

खरा पुंजाशेठ कुसाबाईनं सहा वर्षं जवळून पाहिला होता. पेठच्या पुढे, गुजरातच्या हद्दीच्या अलीकडे त्याचं हॉटेल होतं. पलीकडे दारूबंदी, म्हणून अलीकडे जत्रा. ट्रकवाले, व्यापारी, साहेबलोक, सगळे तिथं प्यायला बसायचे. कुणाचे हातपाय मोडले तरी शेठविरुद्ध साक्ष द्यायला माणूस उभा राहत नसे. कुसाबाई तिथं स्वयंपाकाला होती आणि मोहिनी नावाची एकोणीस वर्षांची पोर भांडी घासायला.

मालिकेतला शेठ मात्र गरिबांच्या मुलींची लग्नं लावत होता. सगळी हकीकत म्हणे खऱ्या शेठनंच सांगितली होती. त्या दुपारी मालिकेत मोहिनीही आली. नाव तेच ठेवलेलं. ती एका ट्रकवाल्याबरोबर पळून गेली आणि शेठ हसत हात हलवत राहिला.

दुसऱ्याच दिवशी शेठचा पुतण्या संतोष खाणावळीत आला. मावशी म्हणत पाया पडला. शेठ ऐंशीचे झालेत, त्यांच्यावर माहितीपट निघतोय, जुन्या माणसांनी कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलायचेत, असं त्यानं सांगितलं. मग कुसाबाईच्या मुलीची, हर्षालीची चौकशी केली. हर्षाली एका दवाखान्यात नर्स होती. तिची ड्युटी केव्हा सुटते, ती कोणत्या रस्त्यानं घरी येते, हे त्याला तोंडपाठ होतं.

"सोमवारी गाडी पाठवतो," तो म्हणाला. "शेठ बापासारखे होते, एवढंच बोलायचं."

तेव्हापासून हर्षालीला दहा मिनिटं उशीर झाला की कुसाबाई जिन्यात जाऊन उभी राहायची. मुलीनं विचारलं तर म्हणायची, आत उकडतंय.

रविवारी सकाळी पेठकडून पहिल्या एसटीनं अक्काबाई आली. मोहिनीची आई. सत्तरी उलटलेली, कंबरेत वाकलेली, पत्ता विचारत विचारत घरापर्यंत पोचलेली. गावात कुणीतरी तिला मोबाइलवर ती मालिका दाखवली होती. सव्वीस वर्षं तिला धड पोरीचं सुतक पाळता आलं नव्हतं, की वाट बघणं सोडता आलं नव्हतं. आज तिचा चेहरा फुलला होता.

"माझी पोर जित्ती हाय, कुसा. ट्रकवाला सुरतेचा व्हता म्हनं. मी जाते तिकडं. तू संग चल, दोघी मिळून वळखू."

कुसाबाईनं चहा ठेवला. कप अक्काबाईपुढे ठेवला.

सव्वीस वर्षांपूर्वीची तीही दुपारच होती. हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं. पाहुण्यांच्या खोलीत मी जाणार नाही, घरी जाऊन सगळं सांगेन, असं मोहिनी म्हणाली, आणि शेठनं हाताशी आलेला लोखंडी बत्ता उचलला. नंतर स्वयंपाकघरातल्या हंड्यातल्या पाण्यानं त्यानं हात धुतले आणि शांतपणे विचारलं, "कुसा, काय पाहिलंस?"

"काय नाय, शेठ."

त्या तीन शब्दांवर ती आजवर जगली होती. आताही गप्प बसली असती तर निभावलं असतं. अक्काबाई सुरतेला गेली असती, दारोदार हिंडली असती, आशेवरच कुठंतरी मेली असती. कुसाबाईनं दाराला आतून कडी लावली.

"अक्के, ती कुठं गेली नाय. हाटेलामागं, व्हळाच्या काठाला पुरली तिला. शेठनं मारलं. मी तिथंच व्हते."

अक्काबाई रडली नाही. चहावर साय धरली तरी ती त्याकडेच बघत होती. मग तिनं एवढंच विचारलं, की पुरताना पोरीच्या अंगावर लुगडं होतं का. होतं, कुसाबाई म्हणाली. मीच नीट केलं होतं.

तिनं हर्षालीला फोन करून सगळं सांगितलं आणि दवाखान्यातून एकटी निघू नकोस म्हणून बजावलं. मग दोघी पेठच्या एसटीत बसल्या. मागून येऊन एखादी गाडी एसटीच्या पुढे गेली की कुसाबाई पदर तोंडावर ओढून घ्यायची.

पोलीस ठाण्यातल्या तरुण हवालदारानं कागद पुढे ओढला. नाव, गाव लिहून झालं. कुणाविरुद्ध, त्यानं विचारलं.

"पुंजाशेठ."

"कोणता? मालिकेतला?"

"नाय," कुसाबाई म्हणाली. "हद्दीवरचा."

त्याचं पेन थांबलं. साहेबांना विचारून येतो, बसा, असं म्हणून तो आत गेला. आतलं दार लागलं. पलीकडे कुणीतरी हलक्या आवाजात फोनवर बोलायला लागलं. कुणाशी, ते कळेना. कुसाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. अक्काबाईनं आपला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच दाबून धरला.