आसावरीची चौकशी

यतीन कुणाच्या अध्यात ना मध्यात. उत्तरेतल्या एका शहरात, सेक्टर ३९च्या संशोधन संस्थेत तो आणि आसावरी एकाच प्रयोगशाळेत होते. दोघांचं दोन वर्षांपासून जमलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण सुरुवातीला आसावरीच म्हणाली होती, "सध्या कुणाला बोलू नकोस." यतीननं ते असं काही पाळलं, की महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तो तिला चक्क 'तुम्ही' म्हणायचा. बाईमाणसाचं नाव चारचौघांत घेऊ नये, ही वडिलांची शिकवण. त्या शिकवणीचा त्याला अभिमान होता, जरा जास्तच.

रविवारी सकाळी विश्वासकाका त्याच्या घरी आले. काका निवृत्त डॉक्टर, मंडळातलं मोठं माणूस. आपल्या भाच्यासाठी ते आसावरीला पाहून आले होते. मुलगी पसंत होती, चौकशी तेवढी राहिली होती.

"तिचं कुठे काही आहे का रे? कुणाला विचारू म्हटलं, तर तिनंच तुझं नाव दिलं."

यतीननं चहाचा कप खाली ठेवला. तिनंच नाव दिलं, म्हणजे आपण तोंड उघडणार नाही असा तिला केवढा भरवसा! हो म्हणावं तर शब्द मोडतो, नाही म्हणावं तर तीच हातची जाते.

"नाही काका, तसलं काही नाही. मुलगी फार चांगली आहे."

वर काकांना गाडीपर्यंत सोडून त्यानं दारही उघडून दिलं.

संध्याकाळी आसावरीचा फोन आला. आवाज रडून बसला होता.

"घरी माझं कुणी ऐकेना. म्हटलं, काकांना तू सांगशील, म्हणजे विषय मिटेल. आणि तू नाही म्हणालास?"

"तूच म्हणाली होतीस, बोलू नकोस."

"दोन वर्षांपूर्वी, यार! ते पेढे देऊन गेले इथे."

यतीननं लगेच काकांना फोन लावला. "काका, सकाळी मी खोटं बोललो. आसावरीचं आणि माझं ठरलंय."

काका मायेनं हसले.

"घाबरतात रे मुली अशा वेळी. तिनं गळ घातली आणि तू अंगावर घेतलंस. पण मी ओळखतो तुला. खरंच काही असतं, तर तुझ्यासारख्या सभ्य मुलानं ते असं बोलून दाखवलं नसतं. साखरपुड्याला मात्र नक्की ये."