गळ्यातले चार दाणे

लघवीचे डबे उचलायचं काम माझ्याकडे आहे हे शाळेत कुणाला सांगू नकोस, अशी मी बाजेनला शपथ घातली होती. तिनं दुसऱ्याच दिवशी आमच्या विज्ञानाच्या बाईंना सांगितलं. तेही कौतुकानं.

बाजेन म्हणजे माझी आत्या, डॉ. सोखना जोब. ती हाडांचा अभ्यास करते, आणि हाडांचा अभ्यास म्हणजे काय ते मला विचारा. गावातल्या बायकांनी एका दिवसाची आणि एका रात्रीची लघवी पिवळ्या डब्यात साठवायची, मी ते डबे गोळा करायचे आणि उन्हातून तिच्या खोलीवर न्यायचे. झाकण कितीही घट्ट लावा, वास येतोच. डबा चालताना पोटरीला लागतो, तेव्हा तो कोमट आहे हे कळतं. माझ्या अंगावर आत्ताही शहारा आला.

रक्त ती स्वतः घ्यायची आणि लगेच बर्फात ठेवायची. तिला ज्या हार्मोनचं वेड आहे ते उन्हात टिकत नाही. आपल्या गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार गाठी असतात, त्यातून ते निघतं. त्याचं नाव मोठं आहे, पॅराथायरॉइड. ते काही गावात कुणाच्या तोंडात बसलं नाही. मग बाजेननं बायकांना सांगितलं, "हाडं म्हणजे आपली बाजरीची कणगी. आणि गळ्यातले हे चार दाणे म्हणजे कणगीची किल्ली कमरेला लावून बसलेली सासू. जेवणातून चुना कमी आला की सासू कणगी उघडते, थोडं काढून देते." हे सगळ्यांना एका दमात कळलं. सासू कोणाला नाही?

परदेशातल्या पुस्तकांप्रमाणे आमच्या बायकांच्या गळ्यातली सासू फारच आरडाओरडा करते. आकडे इतके वर की सगळ्या आजारी असायला हव्यात. पण आमच्या बायका डोक्यावर पाण्याची घमेली घेऊन विहिरीवरून येतात, घसरून पडतात, उठतात आणि चालू लागतात. असं का, हे शोधायला बाजेन तिकडची नोकरी सोडून गावात आली. मी तेव्हा पाळण्यात होते. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. मनगटाचं हाड मोजायचं एक यंत्र, तोच तिचा संसार.

मग डॉ. बाबुकार सेका आले.

ते राजधानीतल्या, म्हणजे बांजुलच्या, संशोधन केंद्राचे संचालक; बाजेनचा पगार आणि तिचं यंत्र त्याच केंद्राचं. त्यांच्याबद्दल एवढंच सांगते, की त्यांची आई बांजुलच्या बाजारात सुकी मासळी विकायची, हे सगळ्या नदीकाठाला माहीत आहे, आणि ते गावात आले की वोलोफ बोलत नाहीत. इंग्रजीत बोलतात आणि बाजेनला भाषांतर करायला लावतात. हात मिळवला की खिशातून ओला सुगंधी कागद काढून बोटं पुसतात. एकेक बोट. आमच्यासमोर.

त्यांनी कुठल्याशा कंपनीच्या चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, गोळ्या आणल्या. खडूला संत्र्याचा वास मारला तर कसं लागेल, तशा. अर्ध्या गरोदर बायकांना खऱ्या, अर्ध्यांना खोट्या. बायकांनी इमानानं चावून खाल्ल्या. पुढे मुलांचं अंगावरचं दूध सुटलं तेव्हा बाजेननं आयांची मनगटं मोजली, आणि खऱ्या गोळ्या खाल्लेल्यांचीच हाडं विरळ निघाली.

"सासूला आयतं खायची सवय लागली," ती रात्रीच्या जेवणाला माझ्या वडिलांना म्हणाली. "काटकसर विसरली. गोळ्या बंद झाल्या तशी कणगी उपसत सुटली."

"मग आता?" वडील म्हणाले.

"आता सेकासाहेब म्हणतात, थांबा. कंपनी मोठी मोहीम काढतेय. शुक्रवारी गावात सभा घ्यायची, गोळ्यांनी फायदा झाला म्हणून सांगायचं, आणि नव्या बायकांचे अंगठे घ्यायचे."

नव्या बायकांत पहिलं नाव माझ्या थोरल्या बहिणीचं होतं. कुंबा. पोटावर वाडगा टेकवून ती आमच्या शेजारीच जेवत होती.

"तू खरं सांगणार ना, बाजेन?" मी विचारलं.

"नोगाय, मी बोलले तर ते यंत्र उचलून नेतील. मग या बायकांच्या हाडांचं पुढं काय होतं ते बघायला कोण राहील?"

"आणि कुंबा?"

"कुंबाला मी सांगितलंय. अंगठा दे, गोळ्या खाऊ नकोस. पुरून टाक."

"आणि बाकीच्या?"

ती माशाचे काटे निवडत राहिली. एका कडेला नीट रचून ठेवत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला तेच झालं जे डबा पोटरीला लागल्यावर होतं. कोमट, आणि नकोसं. बोटं पुसणाऱ्या माणसाची किळस येणं सोपं असतं. जिच्यासारखं व्हायचं म्हणून मी विज्ञान घेतलं, तिची आली. मी ताट सरकवलं आणि उठले.

सकाळी मी माम म्बोसेकडे गेले. माम म्हणजे आजी; गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तोंडाळ. ती न्जाय आडनावाची, आम्ही जोब. न्जाय आणि जोब पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना गुलाम म्हणतात, वाट्टेल ते बोलतात, आणि त्यावर चिडायचं नसतं. न्जायनं मागितलं तर जोबला नाही म्हणता येत नाही, जोबनं मागितलं तर न्जायला. नाही म्हणणाऱ्याच्या घरात म्हणे भात शिजत नाही.

"आलीस का गं गुलाम?" माम म्बोसे दाणे पाखडत म्हणाली. "अंगण झाडायचं राहिलंय."

"न्जायांचं अंगण कोंबड्या झाडतात. तुम्हाला पातेल्याशिवाय दुसरं काही दिसतं कुठे?"

ती खूश झाली. मी तिथेच उकिडवी बसले.

"शुक्रवारी सभा आहे, माम. तुम्ही न्जाय लोक येणार, सरबत पिणार, ढेकर देणार आणि घरी जाणार. तुमच्या सुनेनं गोळ्या खाल्ल्या, डबा भरभरून दिला, पण त्याचं पुढं काय झालं हे विचारायची अक्कल न्जायांना कुठली? आमच्या बाजेनला विचारायला जीभ लागते. तुमची तर भाताखाली दबलीय."

माम म्बोसेचं सूप थांबलं. तिनं माझ्याकडे एक डोळा बारीक करून पाहिलं.

"जोबची पोर," ती हळूच म्हणाली, "तू मला शिव्या द्यायला आलीस की काही सांगायला?"

"शिव्या द्यायला. दुसरं काय?"

"बरं. जा आता. झाडू तिथं कोपऱ्यात आहे."

मी खरंच अंगण झाडून आले.

शुक्रवारी कडुनिंबाखाली सगळं गाव जमलं. सेकासाहेब खुर्चीवर, बाजेन बाजूला उभी. ते इंग्रजीत बोलले आणि ती वोलोफमध्ये.

"डॉक्टर म्हणतात, तुम्हाला भेटून आनंद झाला."

"डॉक्टर म्हणतात, तुमच्या मेहनतीमुळे काम पुरं झालं."

मग ते एक लांबलचक वाक्य बोलले. मला इंग्रजी येतं. बाजेननं एकदा घसा खाकरला.

"डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी आयांची हाडं बळकट झाली."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुंबा खाली मान घालून बसली होती. माझ्या तोंडात संत्र्याच्या खडूची चव आली.

तेवढ्यात माम म्बोसे काठी टेकत उठली.

"डॉक्टर काय म्हणतात ते कळलं. त्यांचं तोंड त्यांच्यापाशी. माझी गुलाम काय म्हणते?"

लोक हसले. बाजेनही कसनुशी हसली.

"मी भाषांतर करतेय, माम."

"ते पोपटही करतो. सोखना जोब, माझ्या सुनेचं रक्त तू नेलंस, मूत तू नेलंस. न्जाय तुझ्यापाशी मागतेय. माझ्या घरची कणगी भरली की रिती झाली?"

आता कोणी हसलं नाही. सेकासाहेबांनी घड्याळ बघितलं आणि इंग्रजीत म्हणाले, "पुढे चला."

बाजेननं त्याचं भाषांतर केलं नाही. तिनं हातातले कागद गुंडाळले, परत उलगडले. मग कुंबाकडे बघितलं, आणि कुंबाच्या पलीकडे बसलेल्या बाकीच्या पोटुशींकडे.

"रिती झाली," ती म्हणाली. "हे डॉक्टर म्हणत नाहीत. मी म्हणते. ज्यांनी खऱ्या गोळ्या खाल्ल्या त्यांची हाडं बाकीच्यांपेक्षा विरळ झालीत. तुमच्या गळ्यातल्या सासूला घर चालवता येत होतं. आम्ही तिला बिघडवलं. नव्या बायकांनी अंगठा देऊ नये."

"गप्प बस, बाई! काय बरळतेस?" सेकासाहेब ओरडले.

वोलोफमध्ये. चांगल्या, ठसठशीत, मासळीबाजारातल्या वोलोफमध्ये.

मग माम म्बोसे म्हणाली, "अगं बाई, ह्याला जीभ आहे की. आईनं दिलेली दिसतेय. जपून ठेवली होती वाटतं." आणि कडुनिंबाखाली जे काही हसं पिकलं, त्यात सेकासाहेबांची खुर्ची रिकामी झालेली बऱ्याच जणांना दिसलीही नाही.

माम म्बोसेची सून तेवढी हसली नाही. ती बाजेनसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुला हे कधीपासून माहीत होतं?" बाजेननं सांगितलं. सून तिच्या पायाशी थुंकली आणि निघून गेली. बाजेननं पाय मागे घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात केंद्राची गाडी आली. यंत्र गेलं, बर्फाची पेटी गेली, दारावरची पाटी गेली. बाजेनची नोकरीही. ती आमच्या ओसरीवर येऊन बसली, रिकाम्या हातांनी. उरलेल्या गोळ्यांची खोकी मात्र कुणी नेली नाहीत. माम म्बोसेनं त्या कुटून कोंबड्यांना घातल्या. अंडी आता दगडावर फोडावी लागतात.

एका सकाळी माम म्बोसेची सून दारात उभी राहिली. बाजेनकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या आत्याला विचार, माझी कणगी परत भरतेय का हे तिला बघायचंय की नाही."

"यंत्र नाही," बाजेन म्हणाली.

"रक्त आहे ना माझ्यात?"

नदीपलीकडच्या दवाखान्यात बाजेनची एक जुनी मैत्रीण आहे, ती तपासून द्यायला तयार झाली. बर्फ आम्ही मासळीवाल्याकडून घेतो. त्यामुळे आता रक्ताच्या नळ्यांना मासळीचा वास, डब्यांना डब्यांचा, आणि मला दोन्हीचा. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नाही. बाजेन म्हणते, सवय होईल.

होत नाही. पण परवा तिनं म्हटलं, डबा मी नेते, तेव्हा मी दिला नाही.