महिनाभराच्या रेघा

गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी मोबाइलची ॲप बनवणारी पंधरा-वीस मुलं-मुली जमत. त्यांची एक रीत होती. कोणी नवं ॲप दाखवायला आणलं, की सगळ्यांनी ते आपापल्या फोनवर घ्यायचं आणि फोन जे जे विचारेल त्याला डोळे झाकून ‘हो’ म्हणायचं. वाचत बसणं म्हणजे मित्रावर संशय घेणं.

महिन्यापूर्वी साहिलच्या ॲपला सोनिकानेही असंच ‘हो’ म्हटलं आणि ती विसरून गेली. एकाच वाटेने जाणाऱ्यांना गाडीवर सोबत शोधून देणारं साधंसं ॲप होतं ते. पण विसरणं तिला परवडणारं नव्हतं. घरच्यांच्या विरोधात मधुसूदनशी लग्न करून तिला सात महिने झाले होते. भिवापूरच्या भावाने, दुर्गेशने, तेव्हा एकच निरोप पाठवला होता : ‘पत्ता लागू दे फक्त.’ म्हणून तिने नंबर बदलला, नोकरी सोडली, या मंडळींनाही घर शहरातच, मनीषनगरला असल्याचं सांगितलं.

त्या दुपारी साहिलने प्रोजेक्टरने भिंतीवर नकाशा पाडला. त्यावर रंगीत रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेवर नाव.

“पाहा, महिनाभर कोण कुठं फिरून राहिलं ते!”

“बंटी, रोज सकाळी सदरमध्ये काय करून राहिला गा तू?” भूमिकाने विचारलं.

“पोहे खाऊन राहिलो, अजून काय!”

खोली हसली. साहिलने नकाशा वर सरकवला. एक हिरवी रेघ शहराबाहेर पडली आणि रामटेकच्या एका गल्लीत जाऊन थांबली.

“सोनिका, तू रामटेकवरून येते काय वं? आमाले तं मनीषनगर सांगतलं!” भूमिका म्हणाली.

सोनिका नकाशाजवळ गेली. “साहिल, हे अजून कोणाले दिसते?”

“सगळ्यायले. दहा दिवस झाले, नेटवरच्या आपल्या पानावर टाकलं ना. आता कोण कुठं आहे तेही दिसते. एक जण तं रोज पाहून राहिला. लई कामाचं आहे म्हणे. भिवापूरचा कोणी दुर्गेश.”

ती जिन्यात धावली. तिसऱ्यांदा लावल्यावर मधुसूदनने फोन उचलला.

“अवं, दुर्गेशदादा आले. चांगले हसून बोलून राहिले. आपण उगाच भेत होतो.”

“एकटाच आला?”

“नाही, चौघं आहेत. बाकीचे तिघं दाराशीच उभे आहेत. आत या म्हटलं, तं येत नाहीत.”

मग फोन दुसऱ्याच्या हातात गेला.

“सोनिका,” दुर्गेश मायेने म्हणाला, “घाई नको करू. तू अजून गांधीबागेतच दिसून राहिली मले. ये आरामानं. आम्ही थांबतो.”

फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

ती खोलीत परतली. “भूमिका, पोलिसायले फोन लाव. तुझ्या फोनवरून. माझा मोकळा राहू दे.”

“काय झालं वं?”

सोनिका पत्ता सांगू लागली. गल्ली, घराचा रंग, वरचा मजला. सात महिन्यांत पहिल्यांदाच ती तो मोठ्याने उच्चारत होती, आणि रामटेक तिथून तासाभराच्या वाटेवर होतं.