तीनच्या पुढे

रॉझ टिलरीचे हात फेब्रुवारीपासून सुरू होत नव्हते.

तसे हात ठणठणीत होते. त्याच हातांनी ती जूनपर्यंत फ्लिंट शहरातली शाळेची बस चालवत होती, साठ पोरांचा कलकलाट पाठीशी घेऊन बर्फातून वळणं काढत होती. दुसऱ्या कुणी गाणं सुरू केलं, तर ड्रमही झक्क वाजवत होती. पण सुरुवात तिला एकटीला करायची असली, की स्टिक धरलेले दोन्ही हात वर जायचे आणि तिथेच अडकायचे. दोन सेकंद, पाच सेकंद. मग ती हात खाली घ्यायची, स्टूल मागेपुढे सरकवायची, झांजेचा स्क्रू उगाच आवळायची, पाणी प्यायची. पुन्हा हात वर. पुन्हा तेच.

त्यांच्या 'रिव्हेट्स' बँडला सव्वीस वर्षं झाली होती. रॉझ ड्रमवर, तिचा थोरला भाऊ गार्नेट गिटारवर आणि गायला, डेनी व्हॅनहूस बेस गिटारवर. डेनी दिवसा घरोघर टपाल वाटायचा. कीबोर्डवर योलांडा प्रुइट, ती एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. लग्नं, बोलिंगचे हॉल, चर्चमधली शुक्रवारची मासळीची जेवणं, जिथे बोलावतील तिथे जाऊन जुनी रॉक गाणी वाजवायची. गार्नेटचं एक ठाम मत होतं आणि ते तो भेटेल त्याला ऐकवायचा. "गाणं म्हणजे पहिले सहा सेकंद. तेवढ्यात माणसाच्या हातातला घास हातात राहिला पाहिजे. पुढचं सगळं आपण आपल्या हौसेसाठी वाजवतो."

त्या सहा सेकंदांच्या आधी तो मोजायचा. माइकपासून तोंड फिरवून, रॉझकडे बघत. एक, दोन, तीन, चार. चार म्हणताना त्याची हनुवटी खाली यायची आणि तिच्याबरोबर रॉझच्या स्टिक.

फेब्रुवारीत कुणाच्या तरी निवृत्तीच्या समारंभात त्याने असंच मोजलं. एक, दोन, तीन. चार आलाच नाही. तो रॉझकडे बघत राहिला, ओठ जरासे वाकडे. रॉझचे हात वर. तिला वाटलं, गंमत करतोय. लोकांना ताटकळत ठेवायची त्याची जुनीच खोड. ती हसली. चांगली खळखळून हसली आणि स्टिकने 'चल ना' अशी खूणही केली. मग गिटारची तार नुसती खर्रकन वाजली. गार्नेट शेजारच्या स्पीकरवर रेलला आणि रेलता रेलता खाली बसला.

मेंदूत गुठळी झाली होती. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. एक तेवढा उरला, 'मंगळवार'. भूक लागली की मंगळवार. टीव्ही नको असला की मंगळवार. बायकोवर, मार्लीनवर, चिडला की मंगळवार, मंगळवार, मंगळवार.

रॉझ त्याच्याकडे जायची आणि खुर्ची गरम व्हायच्या आत उठायची. बसच्या डेपोत काम आहे, दुकान बंद होईल, काहीतरी सांगायची. कधी कधी त्याच्या गल्लीतून गाडी नेऊन, खिडकीतला दिवा बघून, न थांबता पुढे निघून जायची. आपण हसलो होतो, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या गडबडीत कुणाच्या लक्षातही नसेल. पण तिच्या कानात ते हसू असं पक्कं बसलं होतं, की टीव्हीवरच्या कार्यक्रमात लोक हसले तरी ती खोलीतून उठून जायची.

शाळांना सुट्टी लागली आणि हातांना काम उरलं नाही. तिने व्हरांडा रंगवला, रंग आवडला नाही म्हणून पुन्हा रंगवला. पन्हाळ्या साफ केल्या. शेजारणीच्या पन्हाळ्याही साफ केल्या.

अशात एका रविवारी डेनीने सगळ्यांना आपल्या गॅरेजमध्ये बोलावलं.

"ऐका," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी दुपारी दोन वाजता कौंटीच्या जत्रेत आपण आहोत. पण गाणी नाहीत, नुसत्या सुरुवाती. आपण सुरुवात वाजवायची, लोकांनी ओरडून गाणं सांगायचं. ओळखलं की थांबायचं आणि पुढची घ्यायची. अशा वीस."

"वीस?" रॉझ म्हणाली.

"यादी पण तयार आहे."

योलांडाने यादी ओढून घेतली. "माझं आवडतं नाही यात. ते रे, ज्यात बाई गायच्या आधी श्वास घेते. नुसता श्वास. तेवढ्यावर कळतं, ही आता रडवणार."

"श्वास कसा वाजवणार जत्रेत? बाजूच्या तंबूत डुकरांची शर्यत असते."

"आणि बेसने सुरू होणारी नऊ? नऊ, डेनी! म्हणजे पोस्टमनने स्वतःलाच पत्रं टाकल्यासारखं झालं."

"बेसने सुरू झालेलं एक तरी वाईट गाणं दाखव मला. एक!"

रॉझ या वादात नव्हती. ती यादीत आपली गाणी मोजत होती. सात गाणी अशी होती, की ज्यांच्या सुरुवातीला ड्रमशिवाय काहीच नव्हतं.

त्यांनी त्यातलं पहिलं घेतलं. दोन टोले, मग श्वास घेण्याइतकी पोकळी, मग सगळे एकदम. त्या पोकळीसाठीच लोक वेडे होते. रॉझने हात वर केले. गॅरेजमधल्या फ्रीजची घरघर ऐकू येऊ लागली. तिने हात खाली घेतले, स्टूल सरकवलं, परत वर केले.

"रॉझ, कुणाची वाट बघतेस?" डेनी थट्टेने म्हणाला आणि बोलल्या बोलल्या त्याचं त्यालाच कळलं. योलांडा कीबोर्डच्या वायरीशी खेळू लागली.

डेनीने घसा साफ केला. "पॉन्टिअ‍ॅक गावचा एक ड्रमवाला आहे ओळखीचा. त्या दिवसापुरताच."

"विचार त्याला."

"अगं, निदान चार दिवस तरी—" योलांडा म्हणाली.

"विचार म्हटलं ना." रॉझने स्टिक पिशवीत कोंबल्या. एक बाहेरच राहिली आणि दारापाशी पडली. ती उचलायलाही ती वळली नाही.

तिथून ती गाडी घेऊन निघाली ती गार्नेटच्या दारातच थांबली. या खेपेला इंजिनही बंद केलं. मार्लीन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. गार्नेट मागच्या पडवीत टेबलाशी बसून डाव्या हाताने वहीत उभ्या-आडव्या रेघा गिरवत होता.

रॉझ उभ्या उभ्याच म्हणाली, "मी बँड सोडतेय."

"मंगळवार?"

"हो. डेनीने दुसरा माणूस बघितलाय."

गार्नेटने डावी मूठ टेबलावर आपटली. "मंगळवार!"

"ओरडू नकोस. तुला माहीत नाही काय झालं ते. तू तीनवर थांबलास ना, तेव्हा मी हसत होते. तू पडत होतास आणि मी तिथे बसून दात काढत होते, गार्नेट. किती वेळ, कोण जाणे. पाच सेकंद, दहा सेकंद. ते सोडून मी उठले असते तर..."

गार्नेट तिच्याकडे बघत राहिला. रॉझला वाटलं, आता हा तोंड फिरवेल. त्याऐवजी त्याने माशी हाकलावी तसा डावा हात हवेत झटकला. "मंगळवार," तो म्हणाला, आणि त्याचा सूर असा होता की 'एवढंच? आणि यासाठी चार महिने?'

"एवढंच काय!" रॉझ भडकली. "मी रात्रंदिवस—"

त्याने ऐकूनच घेतलं नाही. वहीवरच्या दोन पेन्सिली उचलून तिच्या हातात खुपसल्या, टेबलाकडे बोट दाखवलं आणि खुर्चीत ताठ होऊन बसला.

"एक," गार्नेट म्हणाला.

रॉझ हबकली.

"दोन. तीन. चार. पाच. सहा. सात—"

"मार्लीन!" रॉझने हाक मारली. "मार्लीन, हा बोलतोय!"

"आकडे येतात त्याला," मार्लीन आतूनच म्हणाली. "महिना झाला. बोलायला शिकवणारी बाई म्हणते, पाठ असलेलं आपोआप बाहेर पडतं. तुला सांगणार होते, पण तू टेकतेस कुठे घडीभर?"

"तेरा. चौदा—"

"अरे, चारवर थांब ना!"

"थांबता येत नाही त्याला. काल सत्तावनपर्यंत गेला. माझी सगळी भांडी घासून झाली तेवढ्यात."

गार्नेटचा चेहरा लाल झाला होता. आकडे त्याच्या तोंडातून घरंगळत होते, आवरत नव्हते, आणि डोळे मात्र रॉझला सांगत होते, 'ये ना आत, ये ना.' रॉझच्या पेन्सिली हवेत होत्या. सतरा. अठरा. चार कधीच येऊन गेला होता, त्याची हनुवटी एकदाही खाली आली नव्हती आणि येणारही नव्हती. एकोणीसला रॉझने डोळे मिटले आणि टेबलावर दोन टोले दिले. कडेचा पेला उडाला. पोकळी. मग तिने दोन्ही पेन्सिली अशा बडवल्या, की एकीचं टोक तुटून मार्लीनच्या कुंडीत जाऊन पडलं.

त्या दिवशी ती तिथेच जेवली. जेवणाच्या आधी आणि नंतर ते तेच करत होते. दुसऱ्यांदा ती पंचविसाला आत आली, मग अकराला, मग बाविसाला. मध्येच ती उठून पडवीत येरझाऱ्या घालायची, आणि गार्नेट पेन्सिलीने टेबल ठोकून तिला परत बोलवायचा.

सोमवारी सकाळी तिने डेनीला फोन लावला.

"त्या पॉन्टिअ‍ॅकवाल्याला सांगितलंस?"

"सांगितलं. येतोय तो."

"त्याला म्हणावं, येऊ नको. गार्नेट येतोय."

"गार्नेट? तो काय करणार?"

"मोजणार."

"रॉझ, तिथे चारशे माणसं असतील."

"मग चारशे जण ऐकतील."

शनिवारी ऊन मी म्हणत होतं. ड्रमच्या डाव्या हाताला, तंबूच्या उघड्या कडेशी गार्नेटची खुर्ची, त्याच्यासमोर माइक, मागे मार्लीन लेमोनेडचा मोठा ग्लास घेऊन उभी. पहिल्या दोन सुरुवाती डेनीच्या होत्या. लोकांनी चटकन ओळखल्या आणि डेनी फुगला. तिसरी रॉझची.

तिने हात वर केले, आणि ते तिथेच राहिले. शेजारच्या तंबूत डुकरं सुटली, तिथला गलका इकडे आला. पुढच्या रांगेत टोपीवाला एक माणूस काडीवरचा तळलेला कॉर्न डॉग चघळत ओरडला, "झोप लागली काय बाई?"

"एक," गार्नेट माइकमध्ये म्हणाला. "दोन. तीन. चार. पाच."

पाच ऐकल्यावर लोक हसले. सहाला आणखी हसले. कुठल्याशा मुलीने "सात!" म्हणून साथ दिली आणि आठपासून अख्खा तंबू मोजू लागला. रॉझच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. चारशे माणसं हसत होती, आणि तिला ड्रम तिथेच टाकून पार्किंगपर्यंत पळत सुटावंसं वाटत होतं. तिने गार्नेटकडे पाहिलं. तो मोजता मोजता मान उंचावून लोकांकडे बघत होता, स्टेजवर असताना नेहमी बघायचा तसा, तंबू आपल्या खिशात असल्यासारखा.

बाराला तिने टोले दिले. दोन. पोकळी. सगळे एकदम. तीन बायकांनी एकाच वेळी गाण्याचं नाव ओरडून सांगितलं. बँड थांबला, टाळ्या पडल्या, पण गार्नेट चालूच. "सतरा, अठरा, एकोणीस—" मार्लीनने पुढे होऊन त्याच्या तोंडात लेमोनेडची नळी दिली, तेव्हा कुठे आकडे थांबले. लोकांना तोही खेळाचाच भाग वाटला.

पुढची ड्रमची सुरुवात नऊला झाली, त्यापुढची पाचला. चौथी झालीच नाही. गार्नेट तिसाच्या पुढे गेला, लोकही मोजून कंटाळले, आणि रॉझने मान हलवून हात खाली घेतले. डेनीने बेसवर त्या गाण्याची पुढची ओळ धरली, लोकांनी ती ओळखली आणि खेळ पुढे सरकला.

पाचवी आणि सहावी कशीबशी निघाली. सातवीला गार्नेटने तोंड उघडलं, आणि 'एक' बाहेर पडायच्या आत रॉझने ड्रमवर धडाका लावला. कसा, ते तिलाही कळलं नाही. गार्नेट उघड्या तोंडाने तिच्याकडे वळला. आपला हक्क कुणी लुबाडल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"मंगळवार!" तो माइकमध्ये गरजला.

"आज शनिवार आहे, दादा!" टोपीवाल्याने खालून सुनावलं.

आणि गार्नेट हसला. तोंड अजून एका बाजूनेच वर जात होतं, पण हसू खरं होतं, पोटातून आलेलं. रॉझलाही हसू फुटलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि पुढच्या गाण्यात तिचे दोन ठोके चुकले.

खेळ संपल्यावर जत्रेच्या समितीतली एक बाई डेनीला गाठायला आली. ऑगस्टमध्ये शेजारच्या कौंटीत असाच कार्यक्रम करता का, विचारत होती. "आणि ते मोजणारे गृहस्थ हवेतच," ती म्हणाली. डेनीने मान वळवून रॉझकडे पाहिलं. रॉझ झांजा पिशवीत भरत होती, काढत होती, परत भरत होती.

"शाळा उघडायच्या आधी असेल तर येईन," ती म्हणाली. "पण सगळ्या वाजतीलच असं नाही."

"चालेल ना," ती बाई म्हणाली.

"आणि खुर्ची सावलीत ठेवायची. आज त्याची मान भाजलीय."

डेनीने मोठ्या ड्रमची एक बाजू उचलली, रॉझने दुसरी, आणि दोघं गर्दीतून वाट काढत व्हॅनकडे निघाले.